ब्यूट आणि केथनेस, एकाआड एक

यंदा अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावात पानं लवकर रंगली. गल्लीच्या तोंडाशी जो मेपल आहे तो नेहमी सगळ्यांत उशिरा लाल होतो. यंदा त्यालाही कसली घाई झाली कोण जाणे. आणि पानांबरोबरच लोकांच्या लॉनवर निवडणुकीच्या पाट्या उगवल्या. डावीकडच्या घरासमोर एका उमेदवाराची, उजवीकडच्या घरासमोर त्याच्या विरोधकाची आणि मधलं आमचं लॉन कोरं. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात आलं, पण मत द्यायला अजून अवकाश आहे. आमच्याकडे नुसती पानं पडतात, आणि ती मात्र दोन्ही पक्षांच्या घरांतून उडून येतात.

ही पाट्यांची हवा सुरू झाली की मला ब्यूटशायर आठवतं. हसू नका. आमच्या मित्रमंडळींत या दिवसांत कुणाला फराळाच्या ऑर्डरी आठवतात, कुणाला पुण्यातली पहाटेची थंडी. मला आठवतो स्कॉटलंडमधला एक मतदारसंघ, जो मी कधी पाहिला नाही आणि जो आता कुणालाच पाहता येणार नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ काही बेटं आहेत. ब्यूट, अ‍ॅरन आणि दोन चिमुकली कंब्रे. माणसं थोडी, मेंढ्या बऱ्याच, पाऊस भरपूर. या बेटांची मिळून ब्यूटशायर ही एक काउंटी, म्हणजे जिल्हाच, होती, आणि त्या काउंटीचा लंडनच्या पार्लमेंटात एक खासदार असायचा. म्हणजे कधी असायचा, कधी नसायचा. त्या असण्या-नसण्यानं मला एक अख्खा ऋतू वेड लावलं होतं.

तेव्हा आम्हाला अमेरिकेत येऊन थोडीच वर्षं झाली होती. संदीप, म्हणजे माझा नवरा, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मी पुण्यात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. इथे माझ्या व्हिसावर काम करायला बंदी होती. पुण्याहून निघताना आमचं ठरलं होतं, आधी त्याचं, मग माझं. पण ते 'मग' कधी, हे काही ठरलं नव्हतं. पोळ्या, लाँड्री, आईशी फोन, आणि खिडकीतून दिसणारी पार्किंगची पिवळी आखणी. शेवटी घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून मी गावच्या लायब्ररीत फुकट काम करायला जायला लागले. तिथे मला मिस मार्गारेट भेटली.

व्हर्जिनियात वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात, लग्न झालेलं असो वा नसो. ते माझ्या फार पथ्यावर पडलं, कारण ऐंशीच्या घरातल्या बाईला नुसतं मार्गारेट म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. ती जन्मभर शाळेत इतिहास शिकवत आलेली, काटक, तोंडाने फटकळ. तिचे पणजोबा-पणजी ब्यूट बेटावरचे. ब्यूटशायर मतदारसंघाच्या इतिहासावर लायब्ररीत एक व्याख्यान द्यायचं, हा तिचा बरीच वर्षं राहून गेलेला बेत होता. तेवढ्यात डोळे अधू झाले. बारीक अक्षर दिसेना. तिला वाचून दाखवणारं कुणी हवं होतं आणि मला आपण कुणाला तरी हवं असण्याची फार गरज होती.

मग सगळा ऑक्टोबर आम्ही मागच्या खोलीत बसलो. त्या खोलीला जुन्या पुठ्ठ्याचा आणि हीटर नुकताच सुरू झाल्यावर येतो तसला धुळकट ऊबदार वास होता. बाहेर कुणीतरी यंत्रानं पानं उडवत असायचं, त्याची घरघर. मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची, आणि स्कॉटिश नावांचे मी जे हाल करायची ते ऐकून मधूनच ओठ आवळायची. एकदा न राहवून म्हणाली, "अनघा, त्या माणसाला मरून दोनशे वर्षं झालीत, तू त्याला पुन्हा मारू नकोस."

पहिल्याच आठवड्यात मी वाचता वाचता थांबले. म्हटलं, "मिस मार्गारेट, इथे काहीतरी गडबड आहे. एका पार्लमेंटात ब्यूटचा खासदार आहे, पुढच्यात नाहीच. त्याच्या पुढच्यात परत आहे."

"गडबड नाही, कायदा आहे," ती म्हणाली. "ब्यूटला एकाआड एक पार्लमेंट मिळायचं. मधलं पार्लमेंट केथनेसचं."

केथनेस कुठे, तर स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला, ईशान्येला. मध्ये अख्खा देश, डोंगर, सरोवरं. या काउंटीतल्या माणसानं त्या काउंटीतला माणूस जन्मात पाहिला नसेल. स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले तेव्हा लंडनच्या सभेत स्कॉटलंडला मोजक्याच जागा आल्या, म्हणून छोट्या काउंट्यांच्या अशा जोड्या लावल्या. या खेपेला तू निवड, पुढच्या खेपेला मी. पार्लमेंट किती वर्षं चालेल याचा नेम नाही. राजा गेला, सरकार पडलं, तर लवकर संपायचं. नाहीतर सात वर्षंही चालायचं. ज्याचा नंबर नाही त्यानं तेवढी वर्षं गप्प बसायचं. आणि हे शतकाहून जास्त काळ चाललं, अठराशे बत्तीसच्या सुधारणांपर्यंत.

मला ते ऐकून अंगावर काटा आला. खरं सांगते, काटाच. कारण ही गोष्ट मला परकी वाटलीच नाही. माझ्या माहेरी गावच्या देवीच्या उत्सवाचा मान आमच्या आणि चुलत घराण्यात एकाआड एक वर्ष आहे. आमचं वर्ष असलं की घर नुसतं माणसांनी फुलतं, आणि नसलं की माझे वडील सोवळं नेसून देवळात मागे खांबाशी उभे राहतात, दुसऱ्याच्या हातातली आरती बघत. लहानपणी मला वाटायचं, आपलं नसलेलं वर्ष हे वर्षच नव्हे. इथे तर एक अख्खी काउंटी खांबाशी उभी होती, आणि आपलं वर्ष कधी उजाडणार हेही तिला ठाऊक नव्हतं.

"आणि कुणी भांडलं नाही?" मी विचारलं. "ज्यांच्याकडे जागा होती ते सोडून द्यायचे?"

"सोडायचे. पार्लमेंट संपलं की उठायचे," मिस मार्गारेट म्हणाली. "यात सगळ्यांत नवलाचं काय असेल तर तेच."

त्या दिवशी घरी आल्यावर मी कणीक मळता मळता संदीपला हे सगळं सांगितलं. तो सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. तो म्हणाला, "यार, तू ते स्कॉटलंड दोन मिनिटं पॉज कर. मला तुला एक सांगायचंय." त्याला शॉमबर्गच्या ऑफिसात मोठी पोझिशन ऑफर झाली होती. शिकागोजवळ. जानेवारीत जॉइन व्हायचं.

माझे हात कणकेतच राहिले. कारण त्याच जानेवारीत इथल्या युनिव्हर्सिटीत माझा अभ्यासक्रम सुरू होणार होता. काम करायची परवानगी नसली तरी शिकायची होती. मी अर्ज केला होता, प्रवेश मिळाला होता, आणि त्या खुशीत आम्ही बाहेर जाऊन जेवूनही आलो होतो.

"शिकागोतही युनिव्हर्सिट्या आहेत ना," तो म्हणाला. "तू तिकडे पुन्हा अप्लाय कर. एखादं वर्ष मागेपुढे."

"हो, आहेत," मी म्हटलं आणि पोळपाट काढला. त्या दिवशीच्या पोळ्या जाड झाल्या आणि आम्ही दोघांनी त्या तशाच खाल्ल्या.

त्यानंतरचे आठवडे मला रंगांनी आठवतात. आमच्या अपार्टमेंटसमोरची झाडं आधी पिवळी, मग तांबूस, मग काटक्यांसारखी. शॉमबर्गला हो म्हणायची मुदत नोव्हेंबरमध्ये होती. आम्ही भांडलो नाही. भांडण परवडलं असतं. आम्ही एकमेकांशी फार नीट वागत होतो, पाहुण्यांसारखे. मी सकाळी त्याला डबा द्यायची, तो 'थँक यू' म्हणायचा. मग मी लायब्ररीत जायची आणि ब्यूटमध्ये शिरायची. तिथे निदान कुणाचा नंबर आहे हे स्पष्ट होतं.

त्याच दिवसांत आम्ही त्या एकट्या मतदाराच्या गोष्टीपाशी आलो. त्या काळी मत फक्त मोठ्या जमीनदारांना. ब्यूटमध्ये असे मूठभर, आणि त्यातलेही बहुतेक बेटावर राहायचेच नाहीत. गोष्ट अशी, की एका निवडणुकीला सरकारी अधिकारी सोडले तर एकच मतदार हजर झाला. तो सभेच्या खुर्चीत बसला. त्यानं मतदारांची नावं एकेक करून पुकारली. स्वतःचं नाव आलं तेव्हा स्वतःच 'हजर' म्हणाला. मग त्यानं स्वतःला अध्यक्ष निवडलं, उमेदवार म्हणून स्वतःचं नाव सुचवलं, स्वतःच अनुमोदन दिलं, मत घेतलं आणि एकमतानं निवडून आला.

मी हसून हसून बेजार झाले. मिस मार्गारेटही हसली. म्हणाली, "मतदानाचा हक्क वाढवा म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट पार्लमेंटात सांगितली होती. त्यामुळे तिखटमीठ लावलेलं असणार."

हसू ओसरल्यावर मात्र मला तो माणूस दिसायला लागला. रिकामी खोली, बाहेर बेटावरचा पाऊस, आणि तो मोठ्यानं नावं पुकारतोय. न आलेल्यांची नावंसुद्धा. प्रत्येक नावानंतर तो थोडा थांबत असेल का? आणि स्वतःचं नाव आल्यावर? मान डोलावली असती तरी चाललं असतं, बघायला होतं कोण! तरी त्यानं तोंडानं 'हजर' म्हटलं. लोकशाहीची थट्टा होती ती, कबूल. पण आपण आहोत हे स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं सांगायचं असतं, हे त्या लबाड जमीनदारानं मला शिकवलं. मला किती महिने ते जमलं नव्हतं.

आणखी एक. अठराशे बत्तीसनंतर ब्यूट आणि केथनेस दोघांनाही आपापली जागा मिळाली, कायमची. म्हणजे कायमची वाटली. एकोणीसशे अठरामध्ये ब्यूटशायर मतदारसंघ पुसला गेला, शेजारच्या मुलखाला जोडला गेला. आणि तिथल्या बायकांना पार्लमेंटसाठी पहिल्यांदा मत मिळालं तेही त्याच वर्षी. मी हे वाचलं आणि मनातल्या मनात वर्षं मोजली. दोनशेहून अधिक वर्षं एक मतदारसंघ होता, आणि त्याच्या अख्ख्या आयुष्यात एकाही बाईनं तिथे मत दिलं नाही. "माझी पणजी म्हणायची, आमची वेळ आली आणि घरच गेलं," मिस मार्गारेट म्हणाली. ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि मग तिनं चहाचं विचारलं.

व्याख्यानाची तारीख आम्ही दोघींनी मिळून ठरवली, आणि तिथेच घोळ केला. तिनं अमेरिकन सणवार बघितले, पण त्या दिवशीची मोठी फुटबॉल मॅच तिच्या ध्यानात आली नाही. मी इथल्या मराठी मंडळाची दिवाळी पार्टी कधी ते बघितलं आणि तो शनिवार मोकळा पाहून खूश झाले. पण पार्टीला हॉल मिळेना म्हणून मंडळानं ती नेमकी त्याच शनिवारी ढकलली. शिवाय मी आमच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं होतं त्यावर सगळ्यांनी 'ट्राय करतो' लिहिलं होतं. इथल्या मराठी माणसाच्या तोंडी 'ट्राय करतो' म्हणजे येणार नाही, हे मला तोवर कळायला हवं होतं. मिस मार्गारेटला वाटलं माझी माणसं येतील, मला वाटलं तिची. मी मोठं पातेलं भरून चिवडा केला होता.

त्या दुपारी थंड पाऊस लागला होता. लायब्ररीच्या हॉलमध्ये मांडलेल्या खुर्च्या, टेबलावर चिवडा, व्यासपीठावर काळा कोट घातलेली मिस मार्गारेट, बाजूला मी. आणि समोर कुणीही नाही. मी रडवेली होऊन म्हटलं, "आपण कॅन्सल करू या का?"

"वेळ झाली का?" तिनं विचारलं. झाली होती. "मग सभा सुरू होईल," ती म्हणाली आणि खुर्च्यांकडे तोंड करून तिनं स्पष्ट आवाजात सुरुवात केली, "सभ्य स्त्री-पुरुषहो."

तेवढ्यात दार उघडलं आणि संदीप आत आला. भिजलेला. त्याच दुपारी शॉमबर्गवाल्यांशी त्याचा कॉल होता, हे मला माहीत होतं. तो मागच्या रांगेत बसला, मग काय वाटलं कोण जाणे, उठून पहिल्या रांगेत आला.

मिस मार्गारेटनं एका माणसासाठी पूर्ण व्याख्यान दिलं. एक वाक्य गाळलं नाही. बेटं, जमीनदार, एकाआड एक पार्लमेंट, तो एकटा मतदार, पणजी. शेवटी 'काही प्रश्न?' असंही विचारलं, आणि संदीपनं शाळेतल्यासारखा हात वर केला. "केथनेसचं पार्लमेंट चालू असायचं, तेव्हा ब्यूटची माणसं काय करायची?"

"जगायची," ती म्हणाली. "बटाटे लावायची, मासे पकडायची, पोरं वाढवायची. आणि लंडनहून बातमी कधी येते याची वाट बघायची."

"आणि केथनेसला कधी वाटलं नाही, की अजून एकदा आपणच?"

"वाटलं असेलच. कुणाला नाही वाटत?" ती म्हणाली. "म्हणून तर कायदा लागतो."

परत जाताना संदीप गाडी चालवत होता, वायपर चालू, माझ्या मांडीवर चिवड्याचं पातेलं. मग लाल सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाला, "अनू, मी त्यांना नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलं?"

"नाही म्हणून सांगितलं. शॉमबर्गला. येण्याआधीच." आणि मग, माझ्याकडे वळून, "लेक्चर ऐकून कळलं की मी केथनेस आहे. आता ब्यूट."

मी पातेल्यावर डोकं टेकून रडले. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि आम्ही हर्नडनमध्येच राहिलो.

पुढे मी शिकले, स्वतःच्या व्हिसावर नोकरी लागली, वर चढत गेले. आमच्या घरात 'कुणाचं पार्लमेंट चालू आहे' हा शब्दप्रयोग रुळला. रिमोट कुणाच्या हातात इथपासून सुट्टीत माझं पुणे की त्याचं नागपूर इथपर्यंत सगळीकडे. मिस मार्गारेट आता नाही. मी तिला शेवटचं भेटले तेव्हाही तिनं विचारलं होतं, "केथनेस कसा आहे?"

केथनेस कसा आहे, हा प्रश्न यंदाच्या पानगळीत माझ्या मागे लागलाय. संदीपला कोडिंगचा कंटाळा येऊन वर्षं झाली. दर शनिवारी बेसमेंटमध्ये तो गल्लीतल्या पोरांना गणित शिकवतो, तेव्हा खालून त्याचा जो आवाज येतो तो एरवी घरात ऐकू येत नाही. ग्रीन कार्ड आलं तेव्हा तो म्हणाला होता, "आता जॉब सोडून शाळेत टीचर झालो तर? इथेच ट्रेनिंगचा प्रोग्रॅम आहे." मी हो म्हटलं होतं. मग उन्हाळ्यात मला जर्सी सिटीच्या ऑफिसची ऑफर आली, अख्खा विभाग माझ्या हाताखाली, घर तिकडे हलवायचं. त्या दिवसापासून त्यानं ट्रेनिंगचं नाव काढलेलं नाही. 'काँग्रॅट्स' म्हणाला आणि तिकडच्या घरांची भाडी बघायला लागला.

आणि मी? मला ती खुर्ची हवी आहे. खोटं कशाला बोलू, फार हवी आहे. किती वाट बघून मिळालेलं पार्लमेंट आहे हे, आणि ते इतक्यात संपलं असं मला कुणी का सांगावं? आमच्यात लेखी कायदा नाही. मी उठले नाही तर संदीप मला कधीच उठवणार नाही. तेव्हा नवल वाटलं होतं ते वाट बघणाऱ्या ब्यूटचं. आज कळतंय की मिस मार्गारेटला नवल वाटत होतं ते खुर्चीतून उठणाऱ्यांचं. ते कसे उठले असतील? मागे वळून न बघता उठले असतील का?

आज संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर संदीप लांब दांड्याच्या रेकनं लॉनवरची पानं ओढत होता. दोन्हीकडच्या पाट्यांच्या मध्ये, जुना स्वेटर घालून, पानांचा ढीग करतोय आणि वारा तो पसरतोय. सोमवारी मला उत्तर द्यायचं होतं. मी घरातल्याच चपला घालून बाहेर गेले.

"संदीप, सभा सुरू करायची आहे," मी म्हटलं.

"कसली सभा? अगं, काहीतरी अंगात घाल, गार आहे."

"मतदारांची नावं पुकारते. ब्यूट?" आणि मीच मोठ्यानं म्हटलं, "हजर."

त्याच्या हातातला रेक थांबला.

"केथनेस?"

"अनू, अगं, जर्सी सिटीचं तू..."

"जर्सी सिटीला मी 'नाही' असं कळवते आहे. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, ते मी नंतर बोलेन. आधी हजेरी." डावीकडच्या घराचं दार उघडलं, शेजारीण डोकावली. मी त्याचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत घेतात तसं. "संदीप मोरेश्वर देवस्थळी?"

मेपलची पानं वाऱ्यावर उडत येऊन आमच्या दोघांच्या मध्ये पडत होती. त्यानं रेक घराच्या भिंतीला टेकवला, स्वेटरला हात पुसले आणि ताठ उभा राहिला.

"हजर," केथनेस म्हणाला.